दिवाणखान्यातला उष्णकटिबंध

"लग्नाला ट्रॉपिकल थीम करूया का, बाबा?" हे वाक्य खारूने चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हटलं, आणि म्हणताना तिचं निम्मं लक्ष बिस्किटाकडे होतं. तिच्या डोळ्यांसमोर होते कागदाचे चार अननस, फुलाफुलांचे शर्ट आणि सरबताच्या पेल्यांत खोचलेल्या इवल्या इवल्या छत्र्या. एका दुपारच्या खरेदीत उरकण्यासारखं काम. पण समोर बसलेला माणूस वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला होता. अशा माणसासमोर कुठलाही शब्द व्याख्येशिवाय उच्चारू नये, हे निदान पोटच्या मुलीने तरी विसरायला नको होतं.

"ट्रॉपिकल म्हणजे नक्की काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... तसंच काहीतरी. गरम. हिरवं. मजेशीर."

"किती गरम?"

बिस्किट चहात पडलं.

गल्लीत त्यांना सगळे पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून ते सुखावतही. कुणी 'सेंटिमीटर' म्हटलं असतं तर मात्र त्यांना लागलं असतं. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा वर्ज्य होता. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारणीला एखादी कृती सांगताना "चवीपुरतं मीठ" असं म्हणाल्या की मिलिमीटर खोलीतून उठून जात.

त्यांच्या या स्वभावाचा कळस म्हणजे घराचं पुढचं दार. अस्सल सागवानी, भक्कम, आणि चौकटीत इतकं नेमकं बसवलेलं, की बंद केल्यावर फटीतून पोस्टकार्डसुद्धा सरकू नये. ते बसवताना त्यांनी सुताराला इतक्या खेपा घालायला लावल्या होत्या, की शेवटी त्याने फोन उचलणं सोडलं. दार लागताना 'फप्प' असा मऊ आवाज येई. पाहुणे आले की मिलिमीटर तो आवाज त्यांना ऐकवत. काही सभ्य पाहुणे "वा!" म्हणत. चौकटीच्या आतल्या बाजूला खारूच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. डोक्यावर वही ठेवून उंची मोजायची ती इतरांनी. मिलिमीटर लेकीच्या डोक्यावर स्पिरिट लेव्हल ठेवत आणि बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत तिला श्वाससुद्धा घेऊ देत नसत.

एवढं दार असून खारू लहानपणी घरात यायची ती खिडकीतून. दिवाणखान्याच्या खिडकीच्या कठड्यावर पाय, मग सोफा, मग थेट स्वयंपाकघर. म्हणून ती खारू. रोज मिलिमीटर विचारत, "दार कशासाठी केलंय?" आणि रोज ती, "मोठ्या माणसांसाठी," असं म्हणून पसार होई.

आता ती मोठी झाली होती, आणि मिलिमीटरांचा हट्ट एकच होता. लग्न याच घरात व्हावं आणि लेकीने याच दाराने बाहेर पडावं. ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली नव्हती, कारण तिचं माप त्यांना सांगता आलं नसतं. बाहेर सांगायला त्यांच्याकडे "घर प्रशस्त आहे" हे कारण होतं.

होणाऱ्या जावयाची बेकरी होती. मुलगा दिसायला हसरा, वागायला सरळ, आणि एका दोषाखेरीज नाव ठेवायला जागा नव्हती. पहिल्या भेटीत मिलिमीटरांनी विचारलं होतं, "एका पावाला पीठ किती घेता?" "हाताला कळतं हो, बाबा," तो म्हणाला, "अंदाजे घेतो." दुसऱ्या दिवशी खिशात वजनं घालून मिलिमीटर बेकरीत गेले आणि तिथला तराजू तपासून आले. तराजू अगदी अचूक निघाला, कारण तो कधी वापरलेलाच नव्हता.

त्या मुलाच्या आत्याबाई मात्र पक्क्या व्यवहारी. घरी लग्न करायचं ठरल्यावर त्या गोड हसून म्हणाल्या, "करा हो, हौसेने करा. काही अडलं तर हॉल आहेच आपला. मी आरक्षित करूनच ठेवलाय. लग्नाच्या नोंदणीच्या अर्जातसुद्धा दुसरा पत्ता म्हणून हॉलच घातलाय."

"काही अडणार नाही," मिलिमीटर म्हणाले.

"तसं नाही हो. अडलं तर."

या 'अडलं तर'ने मिलिमीटरांची झोप उडाली. निरीक्षकाच्या घरचं कार्य दुसऱ्याच्या हॉलवर जाणार म्हणजे आयुष्यभर लोकांची वजनं तपासून शेवटी आपलंच कमी भरणार! त्या क्षणापासून कागदाच्या अननसांचं युग संपलं.

आता हे सगळं चाललं होतं ऐन थंडीत. गल्लीतली माणसं कानटोपीतून फक्त नाक बाहेर ठेवून वावरत होती. मिलिमीटर व्याख्येसाठी शेजारी गेले. शेजारी भूगोलवाल्या बाई राहत. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांची शिकवण्याची हौस काही निवृत्त झाली नव्हती.

"उष्णकटिबंधाला तीन गोष्टी लागतात," बाईंनी तीन बोटं वर केली. "तापमान, आर्द्रता आणि पाऊस. यातली एक जरी कमी पडली, तर तो उष्णकटिबंध नव्हे, नुसती उकडलेली खोली."

"पहिल्या दोन जमतील. पाऊस दिवाणखान्यात कसा पाडायचा?"

"तो तुमचा प्रश्न. मी अभ्यासक्रम सांगितला."

मिलिमीटरांनी घरी येऊन आकडे ठरवले. तापमान अठ्ठावीस अंश, आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. पावसाचं ते काही बोलले नाहीत, पण तो त्यांना सलत राहिला. तापमापक आणि आर्द्रतामापक शेजारी शेजारी भिंतीवर लागले. जिथे लग्नघरात एखादी तसबीर किंवा फुलांची माळ लागते, तिथे.

"अहो, मुलीला नुसती गंमत हवी होती," काकू म्हणाल्या.

"मग गंमत नीट नको का व्हायला?"

हीटर आले. पण हीटरची हवा कोरडी. खारूचे ओठ फुटले, काकूंच्या टाचा फुटल्या, आणि आर्द्रतेचा काटा जो तळाला बसला तो हलेना. तेव्हा समोरचे पंपवाले मदतीला धावले. त्यांचं पंपांचं दुकान होतं, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर पंप हा उपाय आहे अशी त्यांची श्रद्धा होती.

"साहेब, फवारा यंत्र देतो. हरितगृहात वापरतात ते. असं धुक्यासारखं बारीक पाणी सोडतं की भोपळी मिरचीसुद्धा खूश होते."

"इथे मिरच्या नाहीत, पाहुणे येणार आहेत."

"पाहुणेही खूश होतील. जिवंत गोष्टींना ओलावा आवडतो."

यंत्र आलं, घुरघुरलं, आणि काटा वर चढायला लागला. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून मिलिमीटरांनी खिडक्यांच्या कडांना चिकटपट्ट्या लावल्या, स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराच्या फटींत स्पंज कोंबला. पुढच्या दाराला अर्थात काहीच करावं लागलं नाही. "याला म्हणतात सुतारकाम," असं ते तीन वेळा म्हणाले आणि तिन्ही वेळा त्यांनी दार लावून 'फप्प' ऐकवलं.

हिरवळीचं मात्र जड गेलं. मिलिमीटरांनी रोपवाटिकेतून कुंड्यांतले ताड भाड्याने आणले. एखादा सोडला तर चांगले उंच, डौलदार, छताला टेकतील असे. गाडीतून उतरवताना ते साऱ्या गल्लीने पाहिले. त्या गल्लीत नगरपालिकेच्या उद्यान खात्याचे वृक्षनिरीक्षक राहतात, हे मिलिमीटरांच्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ हातात टेप आणि पत्र्याच्या छोट्या पाट्या घेऊन दारात उभे.

"झाडं मोजायला आलोय."

"झाडं कुठे? कुंड्या आहेत या. लग्न झालं की परत जायच्या."

"माणसापेक्षा उंच ते झाड. आवारात आलं की नोंद झाली. नोंद झाली की परवानगीशिवाय हलवायचं नाही."

"अहो, पण कुंडीत आहे ना ते!"

"नियमात कुंडीचा उल्लेख नाही."

हेच वाक्य, फक्त कुंडीच्या जागी दुसरं काही घालून, मिलिमीटरांनी स्वतः किती दुकानदारांना ऐकवलं होतं! ते ऐकायला इतकं वाईट लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यातून तो माणूस मोजत होता तेही चुकीचं. टेप तिरकी धरत होता. मिलिमीटरांना राहवलं नाही. त्यांनी टेप सरळ धरून दिली, आणि त्यामुळे मोजमापातून सुटू पाहणारा एक ठेंगणा ताडही नियमात बसला.

प्रत्येक ताडाला क्रमांकाची पाटी लागली. सर्वांत थोराड ताड स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला टेकवून ठेवला होता. तात्पुरताच, पण पाटी तिथेच लागली, तेव्हा तो कायमचा झाला.

"परवानगीला किती वेळ लागतो?"

"समिती बसते."

"कधी बसते?"

"बसली की कळवतात," वृक्षनिरीक्षक म्हणाले. मिलिमीटरांनी मान टिकवण्यासाठी त्यांना तिथल्या तिथे लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. त्यांनी ते तिथल्या तिथे घेतलं.

इकडे घराने आपली प्रकृती बदलायला सुरुवात केली होती. वर्तमानपत्र ओल्या टॉवेलसारखं लोंबायचं. कुरकुरीत म्हणून जगात जे जे काही असतं ते त्या घरातून नाहीसं झालं. मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी झालं, म्हणजे 'चवीपुरतं' मोजायची आता सोयच राहिली नाही. सोफ्यामागे एक अळंबी उगवली. ती पाहून भूगोलवाल्या बाईंचे डोळे भरून आले. "शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण असं प्रात्यक्षिक कधी झालं नाही," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "पावसाचं बघा मात्र."

"अहो, कपाटाचा ड्रॉवर उघडत नाहीये," आतून काकूंनी हाक मारली.

मिलिमीटर आर्द्रतामापकासमोर उभे होते. काटा पंच्याऐंशीच्या अगदी जवळ येऊन थरथरत होता. "जोरात ओढ जरा," ते नजर न हलवता म्हणाले.

"न्हाणीघराचं दारही घट्ट झालंय."

"त्यालाही."

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हे मिलिमीटरांना माहीत नव्हतं असं नाही. ओल्या हवेत लाकडी मापपट्टीची लांबी-रुंदी बदलते म्हणून त्यांनी एका कापडवाल्याची मापपट्टी जप्त केली होती आणि त्याला त्यामागचं शास्त्रही समजावलं होतं. पण कापडवाल्याची मापपट्टी निराळी आणि स्वतःचं दार निराळं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मिलिमीटरांनी सगळे हीटर आणि फवारा पूर्ण वेगाने सुरू केले, दार लावून घेतलं, आणि सकाळी पाहुणे येईपर्यंत कुणीही ते उघडायचं नाही असा हुकूम सोडला. त्या वेळी 'फप्प' असा आवाज आला नाही. 'घच्च' असा आला. काकूंनी मान वर करून पाहिलं. मिलिमीटर म्हणाले, "आता खरं घट्ट बसलं."

सकाळी दोन्ही काटे जागेवर होते. अठ्ठावीस आणि पंच्याऐंशी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मिलिमीटर फुलाफुलांचा शर्ट घालून यंत्रांसमोर उभे राहिले आणि क्षणभर त्यांना वाटलं, माणसाला आयुष्याकडून याहून जास्त काय हवं?

बाहेर पाहुणे जमायला लागले. आमंत्रणपत्रिकेत मिलिमीटरांनी स्पष्ट छापलं होतं, की दिवाणखान्याचं तापमान अठ्ठावीस अंश राहील, सबब निमंत्रितांनी त्या बेताने कपडे करावेत. निमंत्रितांनी केले होते. अर्ध्या बाह्यांचे शर्ट, गवती टोप्या, उघड्या चपला. कडाक्याच्या थंडीत अंगणात उभी असलेली ती रंगीबेरंगी माणसं निळी पडत चालली होती. पूर्ण कपड्यांत फक्त एकच व्यक्ती आली होती. ते विवाह नोंदणी अधिकारी. कोट, मफलर, हातमोजे. त्यांनी पत्रिका वाचलीच नव्हती.

"या, या!" म्हणत मिलिमीटरांनी दार ओढलं.

दार हललं नाही.

त्यांनी पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग एक पाय भिंतीला लावून.

"बाबा, काय झालं?" खारू आतल्या खोलीतून नटून बाहेर आली.

"काही नाही. जरा अडलंय."

हा शब्द तोंडातून निसटल्यावर त्यांनी जीभ चावली. बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "अडलंय का?"

"ढकला!" आतून मिलिमीटर ओरडले. बाहेरून जावई आणि पंपवाले यांनी खांदे लावले. आतून काकू आणि मिलिमीटर यांनी मूठ धरली. "एक, दोन..." तीनला पितळी मूठ मिलिमीटरांच्या हातात आली, आणि ते काकूंसकट सोफ्यावर जाऊन पडले. दार होतं तिथेच होतं. मूठ गेल्यामुळे ते आता अधिकच एकसंध, अधिकच देखणं दिसत होतं.

"मागच्या दाराने या!" काकू म्हणाल्या.

"मागे ताड आहे," मिलिमीटर सोफ्यावरूनच क्षीण आवाजात म्हणाले. त्या ताडाच्या कुंडीने इतके दिवस फवाऱ्याचं पाणी पिऊन घेतलं होतं. तो तिघांनाही हलला नसता. शिवाय बाहेरून वृक्षनिरीक्षकांचा आवाज आलाच, "त्याला हात लावू नका हं! नोंद झालीय!"

"साहेब, दार फोडू का?" पंपवाल्यांनी उत्साहाने विचारलं. "दुकानातून पहार आणतो. चौकटीपासून सुटं करू."

मिलिमीटरांनी चौकटीकडे पाहिलं. पेन्सिलीच्या खुणा वाफेने पुसट झाल्या होत्या, पण होत्या. "नाही," ते म्हणाले. "चौकटीला कुणी हात लावायचा नाही."

"मग खिडकी," खारू म्हणाली आणि लग्नाच्या कपड्यांत सोफ्यावर चढली. चिकटपट्ट्या टराटरा निघाल्या. तिने खिडकी सरकवली.

पुढे जे झालं ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अटळ होतं. बाहेरची बर्फासारखी हवा आत शिरली, आतल्या ओल्या उकाड्याला भिडली, आणि दिवाणखान्यात ढग तयार झाला. पांढराशुभ्र, दाट, खरोखरचा ढग. तो खिडकीतून लोळत लोळत अंगणात उतरला. "आग! आग!" कुणीतरी किंचाळलं. पंपवाले ज्या क्षणाची जन्मभर वाट पाहत होते तो आला असं समजून पंप आणायला पळाले. आणि आत, थंड झालेल्या छतावर साठलेलं पाणी थेंबाथेंबाने, मग टपटप, मग चांगलं सरीसारखं खाली यायला लागलं.

भूगोलवाल्या बाई खिडकीशी आल्या. त्यांनी हात आत घालून तळव्यावर थेंब झेलले.

"पाऊस!" त्या म्हणाल्या. "आता पूर्ण झालं."

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

"हे बघा," आत्याबाई थंडीने वाजणाऱ्या दातांमधून, पण शांतपणे म्हणाल्या, "हौस झाली, छान झालं. मुलीला खिडकीतून उतरवून घेऊ आणि हॉलवर जाऊ. तिथे उबदार आहे, कोरडं आहे, आणि दारं उघडतात."

नोंदणी अधिकाऱ्यांनी कागद पाहिले. "पत्ते दोन्ही दिलेले आहेत. इथे होत नसेल तर तिथे करता येईल."

सगळे मिलिमीटरांकडे पाहत होते, म्हणजे ढगात जिथे ते असावेत तिकडे. हातात मूठ, डोक्यावर पाऊस, अंगात भिजलेला फुलाफुलांचा शर्ट. लेक शेजारी उभी होती. एक शब्द 'हो' म्हटलं की संपलं. मग हे घर म्हणजे पाहुण्यांच्या आठवणीत, जिथे लग्न होणार होतं ते घर.

"इथे होत नाही कशावरून?" मिलिमीटर म्हणाले.

"दार बंद आहे," अधिकारी म्हणाले.

"नियमात दाराचा उल्लेख आहे?"

अधिकाऱ्यांनी मफलर सैल केला. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते आठवू लागले. मागून वृक्षनिरीक्षकांनी, व्यवसायबंधूच्या जिव्हाळ्याने, आवाज दिला, "नसेल तर नसतो!"

"नाही," अधिकारी शेवटी म्हणाले. "वधू-वर एका छताखाली, साक्षीदार हजर, आणि मला दोघंही समोर दिसायला हवीत. दाराचं काही नाही."

"मग घ्या. तुम्ही खिडकीबाहेर उभे राहा. नवरामुलगा आत येईल."

"येईल, पण मला दिसणार कसा? मला वधूसुद्धा दिसत नाहीये. नुसतं पांढरं दिसतंय."

खरं होतं. फवारा अजून घुरघुरत होता, हीटर तापलेले होते, आणि ढग विरायला तयार नव्हता. मिलिमीटरांनी ढगातून भिंतीच्या दिशेने पाहिलं. अठ्ठावीस आणि पंच्याऐंशी. किती खस्ता खाऊन आणलेले आकडे! ते चाचपडत भिंतीपाशी गेले आणि एकेक करून सगळी बटणं त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. फवारा एक उसासा टाकून थांबला. काटे खाली यायला लागले असणार. त्यांनी पाहिले नाहीत.

"या जावईबापू," ते खिडकीशी येऊन म्हणाले, आणि सवयीने त्यांची नजर आधी खिडकीवरून, मग जावयाच्या खांद्यांवरून फिरली. "मावाल का?"

"अंदाजे मावेन, बाबा," म्हणून त्याने डोकं आत घातलं, खांदे आत घातले, आणि कमरेशी अडकला.

अर्धा उष्णकटिबंधात, अर्धा थंडीत, असा तो लोंबकळत राहिला. बाहेरून मित्र ढकलत होते. आतून मिलिमीटरांनी मूठ खाली ठेवून त्याचे दोन्ही हात धरले. सासरे-जावयांची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

"अंदाज थोडा चुकला, बाबा."

"थोडा म्हणजे किती?" मिलिमीटरांच्या तोंडून गेलं. मग ते हसले. निवृत्तीनंतर प्रथमच असावं. त्यांनी असा हिसका दिला की जावई थेट सोफ्यावर, अळंबीच्या शेजारी.

ढग विरला. कठड्यावर कागद ठेवून, हातमोजे काढून, अधिकाऱ्यांनी लग्न लावलं. साक्षीदारांनी बाहेरून सह्या केल्या, त्या थंडीमुळे सगळ्यांच्या सारख्याच वाकड्या आल्या. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि लगेच, ते छतावरचे थेंब असल्याचं सांगितलं. त्या घराबाहेर उभ्या होत्या, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग सगळेच हॉलवर निघाले, जेवायला. मिलिमीटरांनी त्याला हरकत घेतली नाही, कारण पाहुणे गोठले असते. जावई उडी मारून बाहेर गेला, काकूंना चौघांनी उतरवून घेतलं. शेवटी खारू कठड्यावर बसली, पाय बाहेर सोडून, लहानपणी बसायची तशी.

"आज नाही विचारलंत, दार कशासाठी केलंय?"

मिलिमीटर कठड्याला चिकटून राहिलेला चिकटपट्टीचा तुकडा सोलू लागले.

"एक सांगा, बाबा. तुम्ही हवा मोजलीत, ओल मोजली, झाडं मोजून दिलीत. दार कसं मोजायचं राहिलं?"

मिलिमीटरांनी तिच्या खांद्यावरचा एक थेंब बोटाने पुसला. "राहिलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि त्याबद्दल दंड केला होता. "नीट उतर. खाली ओलं आहे."

ती नीट उतरली. फाटकापाशी वळून तिने हात केला. मिलिमीटरांनी खिडकीतून केला. "तुम्ही पुढे व्हा, मी यंत्रांच्या वायरी काढून येतो," असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं. वायरी काढायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून बराच जास्त लागला.

दार उघडलं ते आठवडाभराने, घर पूर्ण वाळल्यावर, आपलं आपण, कुणीही हात न लावता. मधल्या काळात मिलिमीटर आणि काकू खिडकीतून ये-जा करत. गल्लीला त्याची सवय झाली. ताड अजून आहेत, कारण समिती अजून बसलेली नाही. त्यांना ऊब लागते म्हणून एक हीटर चालू ठेवावा लागतो, तो चालू असला की फवाराही थोडा लागतो, आणि फवारा चालला की दार पुन्हा घट्ट होतं. वृक्षनिरीक्षक अधूनमधून झाडांची प्रकृती पाहायला येतात, टेप सरळ धरतात आणि चहा घेऊन जातात.

म्हणूनच मिलिमीटरांनी सुताराला बोलावलं. तो यायला तयार नव्हता. फक्त रंधा मारायचाय, असं काकूंनी तीनदा शपथेवर सांगितलं तेव्हा आला. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं घातलं, रंधा हातात घेतला, पेन्सिल कानामागून काढली आणि एखादा माणूस जुन्या शिक्षेला तोंड देतो तसा उभा राहिला.

"किती काढू, साहेब?"

मिलिमीटर चौकटीपाशी उभे होते. खारू रविवारी येणार होती.

"काढ अंदाजे," ते म्हणाले. "येता-जाता अडायला नको."

सुताराने रंधा खाली ठेवला. त्याने मिलिमीटरांकडे नीट पाहिलं, आणि मग आवाज बराच खाली आणून स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं,

"वहिनी, साहेबांना बरं नाहीये का?"